शैक्षणिक तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि बालकांचे स्वास्थ्य : आयुर्वेदीय निदानदृष्टीतून

"मुलाची स्मरणशक्ती वाढेल असे एखादे चांगले औषध द्या," ही मागणी आपल्यापैकी प्रत्येक वैद्याने आणि औषधविक्रेत्याने ऐकलेली आहे. पूर्वी ही मागणी परीक्षेच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असे. अलीकडे ती बारमाही झाली आहे. तिच्या जोडीला शिरःशूल, डोळे चोळणे, रात्री उशिरापर्यंत झोप न लागणे, सकाळची चिडचिड, मलावष्टंभ, जेवणाकडे दुर्लक्ष अशा तक्रारींची मालिकाही येते. थोडी विचारपूस केली की मोबाईल किंवा टॅब दिवसाकाठी चार-पाच तास हातात असतो, हे कळते. त्यावर पालकांचे उत्तर ठरलेले असते : "पण तो अभ्यासासाठीच बघतो."

"अभ्यासासाठीच" या एका शब्दाने चिकित्सकही निरुत्तर होतो. कार्टून किंवा खेळ असते तर आपण निःसंकोच "बंद करा" म्हटले असते. पण शाळेनेच दिलेला गृहपाठ, शिकवणीचे व्हिडिओ आणि आता प्रश्न विचारताच उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता यांना अपथ्य कसे म्हणावे? डोळ्यांच्या दृष्टीने अभ्यासाचा पडदा आणि करमणुकीचा पडदा यांत भेद नाही. बुद्धीच्या दृष्टीने मात्र अभ्यासाच्या दोन पद्धतींत फार मोठा भेद आहे. या दोन्ही गोष्टी वैद्याने नीट समजून घेतल्या, तर पालकांना निश्चित सल्ला देता येतो. त्या समजून घेण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हे तंत्रज्ञान मुलांपर्यंत कसे आले?

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही तंत्रज्ञानाचे विरोधक नाही. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली आणि त्यांना सन २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. शिक्षकाच्या हाती असलेले साधन किती उपकारक ठरते, याचे हे आपल्याच मातीतील उदाहरण आहे.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि जे साधन शिक्षकाच्या हाती होते, ते एकाएकी मुलाच्या हाती आले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र शासनाने 'प्रज्ञाता' या नावाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पूर्वप्राथमिक वर्गांसाठी दिवसाला ३० मिनिटांहून अधिक नाही, पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे आणि नववी ते बारावीसाठी अशी चार सत्रे, असे प्रमाण सांगितले होते. म्हणजे मात्रेचा विचार तेव्हाही झालेला होता. शाळा पुन्हा भरू लागल्या; पण घरातील मोबाईल मुलांच्या हातून परत गेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' सर्वांसाठी खुले झाले आणि या प्रश्नाला दुसरा पदर जुळला.

निदानविचार : त्रिविध हेतू

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात असात्म्येंद्रियार्थसंयोग, प्रज्ञापराध आणि परिणाम हे रोगांचे तीन हेतू सांगितले आहेत. चक्षुरिंद्रियाच्या संदर्भात तेथील वर्णन आजच्या पालकाला वाचून दाखवावे असे आहे. अति तेजस्वी वस्तू अतिमात्र पाहणे हा अतियोग, मुळीच न पाहणे हा अयोग, आणि अति जवळून, अति दुरून पाहणे किंवा भयानक, बीभत्स दृश्ये पाहणे हा मिथ्यायोग. मुलाच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरलेला मोबाईल हा अतियोग आणि मिथ्यायोग दोन्ही होय. त्याच वेळी दूरची झाडे, आकाश, मैदान यांचे दर्शन घडत नाही, हा अयोगही सोबत असतो. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्राच्या पहिल्या अध्यायात नेत्ररोगांच्या हेतूंमध्ये सूक्ष्मनिरीक्षण आणि स्वप्नविपर्यय, म्हणजे झोपेची उलटापालट, यांची गणना केली आहे. हे दोन हेतू रात्री अकरा वाजता अंथरुणात व्हिडिओ पाहणाऱ्या मुलात एकत्र नांदतात.

अर्थात प्राचीन आचार्यांना मोबाईल ठाऊक होता, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. त्यांनी हेतूंची चौकट दिली. त्या चौकटीत आजचा हेतू ओळखणे हे आपले काम आहे.

नेत्र : जे दिसते आणि जे निसटते

पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप लक्षणीयरीत्या कमी होते. त्यामुळे नेत्रशुष्कता, दाह, खुपणे ही लक्षणे उत्पन्न होतात. वातपित्तप्रकोपाच्या अंगाने आपण त्यांचा विचार करतो आणि त्यांत उपशयही चांगला मिळतो. परंतु याहून महत्त्वाचा प्रश्न निकटदृष्टितेचा, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचा आहे. यात नेत्रगोलाची लांबी वाढते, आणि एकदा वाढलेली लांबी सहसा कमी होत नाही.

या बाबतीत चीनमधील फेइचेंग येथील शालेय नेत्रतपासणीचे आकडे बोलके आहेत. सहा वर्षांच्या मुलांमध्ये सन २०१५ ते २०१९ या काळात निकटदृष्टितेचे प्रमाण जास्तीत जास्त ५.७ टक्के होते. काही महिने घरात कोंडून राहिल्यानंतर २०२० मध्ये ते २१.५ टक्के आढळले. ही तपासणी बाहुली विस्फारणारे थेंब न घालता केलेली असल्याने आकडे काहीसे फुगलेले असू शकतात. तरीही पाचही वर्षांशी तुलना करता ही वाढ दुर्लक्षिण्यासारखी नाही. शिवाय हा दोष एकट्या पडद्याचा म्हणता येत नाही. त्या काळात मुलांचे उन्हात खेळणेही थांबले होते. आपल्याकडे दिल्लीच्या शाळांतील एका मोठ्या पाहणीत, जी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, हे प्रमाण १३.१ टक्के आढळले होते. म्हणजे कोविडपूर्वीही प्रश्न होताच.

मैदानाचे महत्त्व किती, हे चीनमधीलच ग्वांगझू येथील प्रयोगावरून कळते. तेथे बारा शाळांतील पहिलीच्या मुलांचे दोन गट केले. एका गटाला शाळेच्या दिवशी रोज ४० मिनिटे अधिक वेळ घराबाहेर खेळवले. तीन वर्षांनंतर नेहमीच्या गटात ३९.५ टक्के मुलांना नव्याने निकटदृष्टिता आली, तर बाहेर खेळणाऱ्या गटात ३०.४ टक्के मुलांना. कोणतेही औषध न देता, केवळ विहाराने साधलेला हा फरक आहे. वर्गातील प्रकाश साधारण काही शे लक्स असतो. उघड्यावर तो सावलीतही त्याच्या कित्येक पटींनी अधिक असतो. या प्रकाशामुळे नेत्रपटलात डोपामिन स्रवते व नेत्रगोलाची अनावश्यक वाढ रोखली जाते, अशी उपपत्ती मांडली जाते. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढण्याची मोहीमच हाती घेतली.

येथे आम्ही स्वतःची एक चूक नमूद करतो, कारण ती आपल्यापैकी इतरांकडून होऊ नये. सन २०२१ मध्ये नऊ वर्षांचा एक मुलगा सायंकाळच्या शिरःशूलासाठी आमच्याकडे आणला गेला. ऑनलाइन वर्गांचा इतिहास स्पष्ट होता. आम्ही वातपित्तज शिरःशूल समजून घृतपान, नस्य, पादाभ्यंग अशी योजना केली. डोके दुखणे थोडे कमी झाले आणि त्या समाधानात आम्ही सुमारे तीन महिने तेच चालू ठेवले. शाळा प्रत्यक्ष सुरू झाल्यावर वर्गशिक्षिकेच्या लक्षात आले की मुलाला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही. नेत्रतज्ज्ञांकडे तपासणी झाली तेव्हा दोन्ही डोळ्यांना उणे दोनच्या वर नंबर निघाला. चश्मा लागताच शिरःशूल थांबला. औषधे अपायकारक नव्हती. अपाय झाला तो विलंबाचा. उपशयाने आम्हांलाच फसवले. त्या दिवसापासून शिरःशूलाची तक्रार असलेल्या प्रत्येक शाळकरी मुलाची दृष्टी तपासल्याविना आम्ही औषध लिहीत नाही. लहान वयात एका डोळ्याचा दोष तसाच राहिला, तर तो डोळा पाहण्याची सवयच गमावतो, आणि मोठेपणी चश्म्यानेही ती सहजी परत येत नाही. म्हणून हा विलंब काही मुलांत आयुष्यभराचा ठरू शकतो.

निद्रा आणि अग्नी

आहार, स्वप्न आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी स्वप्नावर, म्हणजे निद्रेवर, या साधनांचा आघात थेट होतो. सुख-दुःख, पुष्टी-कार्श्य, बल-अबल, इतकेच नव्हे तर ज्ञान आणि अज्ञानही निद्रेवर अवलंबून असल्याचे चरकाचार्य सांगतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असे आधुनिक निद्राशास्त्राचेही मत आहे. अमेरिकेतील एका प्रयोगात निजण्यापूर्वी छापील पुस्तक वाचणारे आणि प्रकाशमान पडद्यावर वाचणारे प्रौढ यांची तुलना केली गेली. पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप लागण्यास सुमारे दहा मिनिटे अधिक लागली आणि मेलाटोनिनचे घड्याळ सुमारे दीड तास पुढे सरकले. वाचन तेच, आधार बदलला, परिणाम बदलला.

सकाळी सातच्या शाळेसाठी उठणाऱ्या मुलाची रात्रीची ही घट दिवसा भरून निघत नाही. मग शाळेत पेंग येते, लक्ष लागत नाही, आणि आपल्याकडे "एकाग्रतेचे औषध" मागितले जाते. व्हिडिओ संपेपर्यंत मूत्र, पुरीष, क्षुधा यांचे वेग रोखून धरणे, आणि जेवताना मन ताटाऐवजी पडद्यावर असणे, यांमुळे अग्निमांद्य व मलावष्टंभ होतो. तन्मना होऊन भोजन करावे हा आहारविधी घरातल्या प्रत्येकाने मोडलेला असताना एकट्या मुलाला दोष देणे व्यर्थ आहे.

धी, धृती, स्मृती आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विचार केवळ नेत्र-निद्रेपुरता करून चालणार नाही. तिचा संबंध बुद्धीच्या घडणीशी आहे. शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृती उत्पन्न होण्याची आठ कारणे सांगितली आहेत. त्यांत सत्त्वानुबंध म्हणजे मनाची एकाग्रता, अभ्यास, ज्ञानयोग आणि पुनःश्रुत म्हणजे पुन्हा ऐकणे, ही चार शिक्षणाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची. या चारही ठिकाणी मुलाचे स्वतःचे श्रम अध्याहृत आहेत. गणित अडले, पाच मिनिटे झुंज दिली, चुकले, खोडले, पुन्हा मांडले, यालाच अभ्यास म्हणतात. यंत्राने सोडवलेले गणित वहीत उतरवले, तर वही पूर्ण होते. पण स्मृतीच्या कारणांपैकी एकही घडत नाही.

हे केवळ आमचे मत नाही. तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताचा एक प्रयोग झाला. तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना सरळ उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता दिली, त्यांचे सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. परंतु साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ते साधन कधीच न वापरलेल्या मुलांच्या तुलनेत १७ टक्क्यांनी मागे पडले. तिसऱ्या गटाला दिलेले साधन उत्तर न सांगता, शिक्षकाप्रमाणे केवळ पुढची पायरी सुचवणारे होते. या गटाची सरावात प्रगती १२७ टक्के झाली आणि परीक्षेत ही घसरगुंडी दिसली नाही. विष आणि औषध यांतील भेद युक्तीचा असतो, हे आपल्याला नव्याने सांगावयास नको.

विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात ज्ञानाचे तीन उपाय सांगितले आहेत : अध्ययन, अध्यापन आणि तद्विद्यसंभाषा. संभाषेत दुसरा पक्ष आपले खंडन करतो, म्हणून ज्ञान वाढते. संभाषण करणारे यंत्र मात्र बहुधा मुलाला मान डोलावते, त्याची स्तुती करते आणि चुकीचे उत्तरही आत्मविश्वासाने देते. काही किशोरवयीन मुले मनातील भीती, एकटेपणा हेही आई-वडिलांऐवजी यंत्राला सांगू लागली आहेत. अशा संवादांतून घडलेल्या गंभीर अपायांच्या तक्रारी अमेरिकेतील न्यायालयांपर्यंत गेल्या, आणि 'कॅरॅक्टर एआय' या कंपनीने नोव्हेंबर २०२५ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांसाठी मुक्त संभाषणाची सोय बंद केली. एकीकडे इयत्ता तिसरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेचा परिचय २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून करून देण्याचे केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२५ मध्ये जाहीर केले. म्हणजे ही साधने मुलांच्या आयुष्यातून जाणार नाहीत. त्यांची मात्रा, काल आणि पद्धती ठरवणे हेच आपल्या हाती आहे.

रुग्णतपासणीत विचारावयाचे प्रश्न

आठवी-नववीच्या मुलाला हे प्रश्न पालकांसमोर आणि शक्य तर थोडा वेळ एकट्याला विचारावेत.

१. अभ्यास व करमणूक मिळून पडद्यासमोर एकूण किती तास जातात? दोहोंची बेरीजच करावी.
२. उपकरण किती अंतरावर धरले जाते, आणि ते अंथरुणात, अंधारात वापरले जाते काय?
३. दिवसाउजेडी घराबाहेर किती वेळ जातो?
४. निजण्याची आणि उठण्याची प्रत्यक्ष वेळ कोणती?
५. जेवताना मोबाईल किंवा टीव्ही चालू असतो काय?
६. गृहपाठ स्वतः सोडवतो, की आधी यंत्राला विचारतो?
७. मनात काही खुपले तर ते कोणाला सांगतो?

तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा पालकांनाही ठाऊक नसते. एक आठवडा कागदावर नोंद ठेवावयास सांगावी. नुसत्या नोंदीनेच अर्धे निदानपरिवर्जन घडते, असा आमचा अनुभव आहे.

चिकित्सासूत्र

निदानपरिवर्जन हीच प्रथम चिकित्सा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात दोन वर्षांखालील मुलांना पडदा मुळीच नको, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला एक तासाहून अधिक नको आणि पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांहून कमी असावा, असे सांगितले आहे. पालकांना हेच प्रमाण सांगावे. वाचन शक्य तेथे छापील पुस्तकातून, उपकरण हातभर अंतरावर, दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर दूरवर नजर, रोज किमान दीड-दोन तास दिवसाउजेडी मैदान, आणि निजण्यापूर्वी एक तास उपकरण दुसऱ्या खोलीत, असे पथ्य स्पष्ट शब्दांत लिहून द्यावे. कृत्रिम बुद्धिमत्तेबाबत एकच नियम पुरेसा आहे : आधी स्वतः प्रयत्न, मग यंत्राला केवळ सूचना विचारणे, आणि शेवटी पुस्तक मिटून पुन्हा स्वतः सोडवणे.

रात्री पादाभ्यंग व शिरोऽभ्यंग यांचा आम्ही आवर्जून उपयोग करतो. पादाभ्यंगाने दृष्टी प्रसन्न होते असे चरकाचार्य सांगतात. त्याखेरीज आई-वडिलांचा हात आणि दहा मिनिटांचे बोलणे हा त्याचा वेगळा लाभ आहे. मोबाईल काढून घेतला की जी पोकळी राहते, ती याने भरते. मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची, शंखपुष्पी ही मेध्य रसायने युक्तीने अवश्य द्यावीत. पण रसायनाला आचाराची जोड नसेल, तर पाच तास झोपणाऱ्या मुलात ती फळणार नाहीत. नेत्रशुष्कतेत घृतप्रयोगाने लाभ होतो. परंतु घृताने वा त्रिफळ्याने निकटदृष्टितेचा नंबर उतरल्याचे आम्ही पाहिलेले नाही, आणि तसे आश्वासन आपण कोणालाही देऊ नये.

पुढील लक्षणांत विलंब न करता तज्ज्ञांकडे पाठवावे : फळा न दिसणे, एक डोळा मिटून पाहणे, तिरळेपणा, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द किंवा दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी नसणे, एकाएकी अबोल होणे, शाळा टाळणे, जीव नकोसा झाल्याची भाषा. शेवटच्या लक्षणात त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञांशी संपर्क साधावा.

औषधविक्रेते बंधूंना विनंती

पालक अनेकदा वैद्याकडे न जाता थेट दुकानात येतात. म्हणून पहिला गाळणारा हात आपला असतो. स्मृतिवर्धक सिरप मागणाऱ्याला "मुलाचे डोळे तपासलेत काय? तो किती वाजता झोपतो?" हे दोन प्रश्न विचारावेत. त्यात अर्धे मिनिट जाते. गिऱ्हाईक तुटत नाही, उलट विश्वास वाढतो. लाल डोळ्यांसाठी स्टिरॉइडयुक्त थेंब चिठ्ठीविना देऊ नयेत. मुले ते महिनोन् महिने घालत राहिली, तर काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका असतो. घरगुती मध, गुलाबपाणी डोळ्यांत घालण्यासही परावृत्त करावे. आश्च्योतनाची द्रव्ये निर्जंतुक असलीच पाहिजेत.

समारोप

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक साधा निर्णय घेतला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजला की दीड तास गावातील टीव्ही आणि मोबाईल बंद, आणि मुले अभ्यासाला. या उपक्रमात खर्च भोंग्याचा. पण पथ्य साऱ्या गावाने पाळले. एकट्या मुलाला पथ्य सांगून भागत नाही, घराने ते पाळावे लागते, हे त्या गावाने जाणले.

आपल्या चिठ्ठीवर औषधाच्या आधी मैदान, निद्रा आणि स्वतःचा प्रयत्न ही तीन नावे यावीत. ज्या मुलाला फळा दिसत नाही त्याला आपल्याकडून केवळ घृत मिळू नये. आणि ज्याला झोप मिळत नाही त्याला केवळ सिरप मिळू नये. आमच्याकडून एकदा ते घडले. आपल्याकडून घडू नये, हीच नम्र प्रार्थना. इत्यलम्.